पेशीची बाहेरची रेघ

शाळेत पेशीची आकृती काढताना सगळ्यांचा क्रम एकच असतो. आधी बाहेरची बंद रेघ, मग मध्ये केंद्रक, त्याच्या आजूबाजूला तंतुकणिका, गॉल्गी संकुल, आंतर्द्रव्यजालिका, आणि शेवटी उजव्या बाजूला पट्टीने आडव्या रेघा मारून नावं. गुण मिळतात ते मुख्यतः आतल्या भागांना. बाहेरच्या रेघेला ‘पेशीपटल’ असं नाव दिलं की तिचा विषय संपतो.

मला ती रेघच आकृतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं, तरी त्या सुमारे १२० दिवस काम करतात. पटल फाटून आतलं-बाहेरचं एक झालं, तर तीच पेशी बघता बघता संपते. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं, कुणाला अडवायचं हे या पटलावर ठरतं. ते कसं ठरतं हे एकदा कळलं, की लोणच्याला एवढं मीठ का लागतं, सलाइनमध्ये मीठ नेमकं किती असतं, आणि जुलाबावरच्या ओआरएसमध्ये साखर कशाला घालतात, हे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी सुटतात.

रेघ किती जाड?

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर आणि त्याचाही हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद असते आणि तिचं पटल सात-आठ नॅनोमीटर जाड. म्हणजे पटलाची जाडी पेशीच्या रुंदीचा हजारावा हिस्सा. वहीत ही पेशी दहा सेंटिमीटर रुंदीची काढली, तर पटलाची रेघ ०.१ मिलिमीटरची ओढावी लागेल. पेन्सिलला कितीही टोक केलं तरी इतकी बारीक रेघ सहसा येत नाही.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून पटल वेगळं दिसतही नाही. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी सुट्या दाखवता येत नाहीत. कांद्याच्या पापुद्र्यात ज्या ठळक रेघा दिसतात, त्या पेशीभित्तिकेच्या. पटल त्या भित्तिकेला आतून चिकटलेलं असतं. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, तेही भित्तिकांचेच होते. आतल्या पेशी केव्हाच मेल्या होत्या. पटल प्रत्यक्ष दिसायला विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. त्याच्या कितीतरी आधी ते असणारच, हे लोकांनी तर्काने आणि प्रयोगांनी ओळखलं होतं.

आतल्या गोष्टी, थोडक्यात

केंद्रकात डीएनए असतो. त्यातल्या सूचनांनुसार रायबोझोम प्रथिनं जोडतात. जी प्रथिनं पटलात बसवायची असतात किंवा पेशीबाहेर पाठवायची असतात, ती खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर तयार होतात, गॉल्गी संकुलात त्यांच्यावर शेवटचा हात फिरतो आणि इवल्याशा पिशव्यांत भरून ती आपापल्या जागी रवाना होतात. तंतुकणिका अन्नातली ऊर्जा एटीपी या रेणूत साठवतात. लयकारिका जुन्या, मोडक्या भागांचं पचन करतात. वनस्पतींच्या पेशीत याखेरीज भित्तिका असते, हरितलवकं असतात आणि मधोमध एक मोठी रिक्तिका असते. पूर्ण वाढलेल्या पेशीत ती पुष्कळदा ऐंशी टक्क्यांहून जास्त जागा व्यापते.

या बहुतेक अंगकांनाही स्वतःचं पटल आहे. केंद्रकाला आणि तंतुकणिकांना तर दुहेरी. जीवाणूंना केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, पण पटल आहे. पटल नसलेली पेशी अजून कुणाला सापडलेली नाही.

रेघ कशाची बनली आहे?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झ्युरिकमध्ये काम करणाऱ्या अर्नेस्ट ओव्हरटन यांनी शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर घालून पाहिले. जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीत पटकन शिरतात, जे फक्त पाण्यात विरघळतात ते बाहेर अडतात, असं त्यांच्या लक्षात आलं. यावरून पेशीची हद्द मेदासारख्या पदार्थाची असणार, असा निष्कर्ष निघाला.

१९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी तांबड्या पेशींतला मेद वेगळा काढला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल असा पसरला. थराचं क्षेत्रफळ पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पटलात मेदाचे दोन थर. गंमत अशी, की त्यांच्या हातून मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी मोजलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आलं. विज्ञानात असं क्वचित घडतं.

हे मेदाचे रेणू म्हणजे फॉस्फोलिपिड. प्रत्येकाचं एक टोक पाण्याशी सलगी करणारं आणि दोन लांब शेपट्या पाण्यापासून दूर पळणाऱ्या. असे रेणू पाण्यात सोडले की आपोआप दोन थरांत रचले जातात. शेपट्या शेपट्यांकडे, टोकं दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे. कुणी त्यांना जागेवर बसवावं लागत नाही. बारीक सुईने पेशीला टोचून सुई काढून घेतली तर भोक बुजतं, ते बऱ्याच अंशी याच स्वभावामुळे.

हे पटल स्थिर, कडक नसतं. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी जोडून एकच पेशी केली. दोघींच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळे रंग लावलेले होते. सुरुवातीला अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. शरीराच्या तापमानाला ठेवल्यावर सुमारे चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळून गेले. प्रथिनं मेदाच्या थरात तरंगत सरकली होती. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी पटलाचं जे चित्र मांडलं, ते असं: मेदाचा पातळ, वाहता दुहेरी थर आणि त्यात ठिकठिकाणी रुतलेली, काही आरपार गेलेली प्रथिनं. बारकावे पुष्कळ बदलले, तरी मूळ चित्र आजही तेच आहे.

आपोआप होणारी ये-जा

रेणू कधी स्वस्थ बसत नाहीत. धडका खात, दिशा बदलत ते भटकत असतात. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असले, की या भटकण्याचा एकूण परिणाम गर्दीकडून विरळ भागाकडे सरकण्यात होतो. हे विसरण. त्याला पेशीला काहीही ऊर्जा खर्चावी लागत नाही. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मेदाच्या थरातून सहज निसटतात, त्यामुळे श्वासाचा सगळा व्यवहार शेवटच्या टप्प्यात निव्वळ विसरणावर चालतो.

विसरणाची एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा सांगितली जात नाही आणि ती फार महत्त्वाची आहे. अंतर दहापट झालं तर वेळ दहापट लागत नाही, शंभरपट लागतो. ऑक्सिजनसारख्या लहान रेणूला पाण्यातून दहा मायक्रोमीटर, म्हणजे एका पेशीएवढं अंतर, भटकत पार करायला सेकंदाचा विसावा भाग वगैरे पुरतो. एक मिलिमीटरला सात-आठ मिनिटं लागतात. एक सेंटिमीटरला अर्ध्या दिवसाहून जास्त. एक मीटर जायचं म्हटलं तर कित्येक वर्षं. पेशी इतक्या लहान का असतात आणि मोठ्या शरीराला हृदय, रक्त आणि जागोजागी केशवाहिन्या का लागतात, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे.

पाणी कुठे जातं?

पटलातून पाणी जाऊ शकतं, पण त्यात विरघळलेलं मीठ किंवा साखर सहज जाऊ शकत नाही. मग ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. हे परासरण.

कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं. ते पाणी फोडींच्या पेशींतलं असतं. बाहेर मिठाची तीव्रता जास्त, म्हणून पाणी बाहेर आलं. लोणच्यात चुकून पडलेल्या जीवाणूचीही तीच गत होते. त्याच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो वाढू शकत नाही. मोरावळ्यात आणि साखरांब्यात हेच काम साखर करते. मीठ कमी पडलं की लोणचं बुरसतं, कारण बाहेरची तीव्रता पुरेशी राहत नाही. शेतात युरियाचा हात जड झाला की पीक करपतं, त्यामागेही मोठा वाटा याचाच असतो: मातीतलं द्रावण मुळांपेक्षा तीव्र झालं, तर ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही.

कोकणच्या खाड्यांमध्ये हा पेच रोजचाच. तिथली तिवर खाऱ्या पाण्यात उभी राहते. मुळांशीच बरंचसं मीठ अडवते आणि जे आत येतं त्यातलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. तिवरीच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं.

माणसाच्या रक्तासाठी हे गणित अगदी काटेकोर पाळावं लागतं. तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर पाणी आत शिरून ती फुगते आणि फुटते. तीव्र मिठाच्या पाण्यात ती सुरकुतते. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम, ती जशीच्या तशी राहते. अशा द्रावणाला समपरासारी म्हणतात. दवाखान्यात लावतात त्या नॉर्मल सलाइनच्या बाटलीवर हाच आकडा छापलेला असतो. शिरेतून साधं पाणी कधीच देत नाहीत, त्याचं कारण ही फुटणारी पेशी.

रिओच्या पानाची साल

परासरण डोळ्यांनी पाहायचं असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत रिओचं पान घेतात. बागांच्या कडेला लावतात ते झाड, वरून हिरवं आणि खालून गर्द जांभळं. पान मध्ये मोडून खालची जांभळी साल अलगद ओढायची, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायची आणि वरून आच्छादक काच ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची. एकमेकींना चिकटलेल्या बहुकोनी पेशी दिसतात, काठोकाठ जांभळ्या. हा रंग रिक्तिकेतल्या रसाचा असतो.

आता काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून आतलं पाणी ओढून घ्यायचं. काही मिनिटांत एखाद्या पेशीच्या कोपऱ्यात रंग भित्तिकेपासून सुटतो. मग दुसऱ्या कोपऱ्यात. बघता बघता जांभळा भाग आक्रसून मध्ये गोळा होतो, त्याच्याभोवती बिनरंगाची जागा पडते आणि भित्तिका मात्र होती तिथेच राहते. हा रससंकोच.

त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत काय आहे, हे मुलांना आवर्जून विचारावं. तिथे मिठाचं पाणी आहे. भित्तिकेने मिठाला अडवलंच नाही, ते तिच्यातून सरळ आत आलं आणि अडलं ते जांभळ्या गोळ्याच्या कडेला, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. न दिसणारं पटल इतक्या ठळकपणे जाणवून देणारा दुसरा सोपा प्रयोग मला माहीत नाही. फार उशीर न करता साध्या पाण्याने मीठ धुऊन टाकलं तर रंग पुन्हा पसरतो, पेशी पूर्ववत होते. उकळत्या पाण्यात बुडवलेल्या सालीवर हाच प्रयोग केला तर काहीच आक्रसत नाही. पटल मेलेलं असतं आणि रंग बाहेर झिरपून जातो.

प्रथिनांची दारं

मेदाच्या थरातून पाणी थोडंफार झिरपतं, पण मूत्रपिंडाची गरज त्याने भागत नाही. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. एवढं पाणी परत घ्यायचं तर त्याची वेगळी वाट हवी, अशी शंका फार जुनी होती. ती वाट सापडली रक्ताच्या गटांचा अभ्यास करताना. अमेरिकेतले पीटर ॲग्रे आर-एच गटाचं प्रथिन वेगळं करत होते. त्यांच्या नमुन्यात एक अनोळखी प्रथिन भरपूर प्रमाणात येत राहिलं. १९९२ मध्ये त्यांनी ते बेडकाच्या अंड्यांमध्ये तयार करवून घेतलं. अशी अंडी पाण्यात टाकली की फुगून फुटत, साधी अंडी तशीच राहत. या प्रथिनाला ॲक्वापोरिन म्हणतात. त्याच्या एका वाटेने सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात आणि तरीही सोडियम किंवा आम्लाचा कण त्यातून जात नाही. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ॲग्रे यांना आणि पोटॅशियमच्या दाराची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांना मिळून दिलं गेलं.

ग्लुकोजसाठी वेगळी प्रथिनं आहेत. ती एका बाजूने उघडतात, रेणू धरतात, मग दुसऱ्या बाजूने उघडून सोडतात. स्नायूंमध्ये आणि चरबीच्या पेशींमध्ये अशी काही प्रथिनं आतल्या पिशव्यांत राखीव असतात आणि इन्सुलिनचा निरोप आला की पटलावर येऊन बसतात. मधुमेहात हा निरोप येत नाही किंवा ऐकला जात नाही, आणि साखर रक्तात तुंबते. इथपर्यंतची सगळी वाहतूक उताराची आहे, जास्तीकडून कमीकडे. दार लागतं, ऊर्जा लागत नाही.

चढावर नेणारा पंप

आपल्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पट जास्त असतं आणि सोडियम बाहेरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नुसत्या विसरणावर सोडलं तर हा फरक हळूहळू पुसला जाईल. तो टिकतो, म्हणजे कुणीतरी सतत उलट्या दिशेने वाहून नेत असलं पाहिजे. १९५७ मध्ये डेन्मार्कमधले येन्स स्कोउ यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना ते यंत्र शोधलं. पटलात बसलेलं हे प्रथिन एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतं आणि दोन पोटॅशियम आत घेतं. स्कोउंना नोबेल मिळालं ते चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये.

स्वस्थ पडून असतानाही शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या एका पंपावर जातो. हा खर्च थांबला तर सोडियम आत साठेल, त्यामागोमाग पाणी येईल आणि भित्तिकेचा आधार नसलेल्या आपल्या पेशी फुगू लागतील. मज्जातंतूंतून संदेश जातात तेही याच फरकाच्या जोरावर.

या पंपाचा आणखी एक उपयोग आहे, आणि पुढच्या गोष्टीसाठी तोच महत्त्वाचा. सह्याद्रीतल्या घाटघरच्या उदंचन प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरज पडली की खाली सोडून त्याच पाण्यावर वीज करतात. पेशी सोडियमशी असंच वागते. पंपाने ते बाहेर चढवून ठेवते आणि त्याच्या परत येण्याच्या ओढीवर दुसरी कामं करून घेते.

मोठा माल

प्रथिनाचा अख्खा रेणू किंवा जीवाणू यांना दारातून नेता येत नाही. मग पटल स्वतःच आत खोलगट होतं, मालाभोवती पिशवी करतं आणि ती तुटून आत येते. हे पेशीय भक्षण. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात त्या अशाच. उलट दिशेने पिशवी पटलाला येऊन मिळते आणि माल बाहेर पडतो, ते पेशी उत्सर्जन. स्वादुपिंडातून इन्सुलिन असंच बाहेर येतं. कॉलऱ्याचं विषही आतड्याच्या पेशीत शिरतं ते याच पिशव्यांमधून.

कॉलरा आणि साखर

आपण खातो-पितो ते आणि पाचकरस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. विष्ठेतून जातं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं आतड्याच्या पेशी परत घेतात. कॉलऱ्यात हे उलटं होतं. १९५९ साली कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं, की हे काम जीवाणूने सोडलेल्या विषाचं आहे. ते विष पेशीत शिरलं की क्लोराइडचं एक दार उघडंच राहतं. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जातं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. (हेच दार जन्मतः नीट काम करत नसेल तर सिस्टिक फायब्रोसिस हा आजार होतो.) गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. रुग्ण मरतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे.

तोंडाने पाणी पाजलं तर ते पुढे निघून जातं. मिठाचं पाणी पाजलं तरी फारसा फरक पडत नाही, कारण मीठ आत घेण्याची नेहमीची वाट विषाने बंद केलेली असते. एक वाट मात्र विषाच्या तडाख्यातून सुटते. ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतड्यात ग्लुकोज सोडियमच्या जोडीनेच आत येतं. त्या दाराचं प्रथिन दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदम धरतं. सोडियमला आत यायची ओढ असते, कारण मागच्या बाजूचा पंप त्याला सतत बाहेर काढत असतो. त्या ओढीवर ग्लुकोजही आत येतं, आणि या दोघांमागोमाग पाणी. दोघांपैकी एकच असेल तर हे दार फिरत नाही. ओआरएसमध्ये साखर आहे ती यासाठी. अशक्त रुग्णाला ताकद यावी म्हणून ती घालतात असा बऱ्याच घरांत समज असतो, पण तिचं खरं काम सोडियमचा हात धरून त्याला आत नेण्याचं आहे.

याच कुळातलं दुसरं प्रथिन मूत्रपिंडात गाळलेलं ग्लुकोज परत घेतं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिन नावाच्या द्रव्याने ते अडतं, हे कळल्यावर त्याच धर्तीवर डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं बनली. मधुमेहाच्या रुग्णांची जास्तीची साखर ती लघवीवाटे बाहेर सोडतात.

मीठ-साखरेचं पाणी कॉलऱ्यात चालतं, हे वैद्यकाला तुकड्यातुकड्याने कळलं. कोलकात्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आपला अनुभव छापला होता. शास्त्रीय कारण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं आणि फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९६८ मध्ये ढाक्यात नलिन आणि कॅश यांनी काटेकोर चाचण्या करून ते सिद्ध केलं. तरीही रुग्णालयाबाहेर, नर्स-डॉक्टरांच्या नजरेआड, हे लोकांच्या हाती द्यायला तज्ज्ञ कचरत होते.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून जीव वाचवून आलेले निर्वासित सीमेवरच्या बनगावला लोटले. छावण्यांत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा छोट्याशा रुग्णालयात माणसं जमिनीवर पडलेली होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. त्यांनी कोलकात्यात मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधायला लावल्या, पिंपात पाण्यात कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. तीन हजारांहून अधिक रुग्णांवर हा उपचार झाला. आधी तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्यूदर ३.६ टक्क्यांवर आला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने आपल्या संपादकीयात या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय प्रगतीत केली. महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात, परासरणाच्या धड्याशेजारी, असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुडीतलं प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. ग्रॅममध्ये ग्लुकोज पाचपट दिसतं, पण रेणू मोजले तर सोडियम आणि ग्लुकोज समसमान आहेत, प्रत्येकी ७५ मिलिमोल. २००२ पूर्वीचं द्रावण याहून तीव्र होतं. ते सौम्य केल्यावर मुलांमध्ये उलट्या आणि जुलाबाचं प्रमाण कमी झालं.

म्हणून प्रमाणाशी खेळू नये. चवीसाठी जास्त साखर घातली तर सगळी साखर दारातून आत जात नाही. उरलेली आतड्यात राहून शरीरातलंच पाणी बाहेर ओढते. कैरीच्या फोडींचं होतं तेच, आणि जुलाब वाढतो. थंड पेयं आणि ओआरएसच्या नावाखाली खपणारी गोड पेयं यासाठी चालत नाहीत. मीठ जास्त झालं तर ते लहान मुलाला धोक्याचं. एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात, एकाच वेळी, पूर्ण घालायची. अर्धी आज, अर्धी उद्या असं नको, कारण पुडीतले पदार्थ सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं.

पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण. मीठ घातलेली तांदळाची पातळ पेजही उपयोगी पडते. तिच्यातला पिष्ट पदार्थ आतड्यात हळूहळू ग्लुकोजमध्ये मोडतो आणि त्याच दाराने सोडियमला घेऊन आत जातो. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, पिईना झालं किंवा लघवी थांबली, तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, तिथे शिरेतून द्रव द्यावा लागतो. नुसती उलटी झाली असेल तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्याने पुन्हा पाजायला सुरुवात करायची.